केळीच्या बागेत लाइट फील्ड फोकस : सहा महिन्यांचा अनुभव

लाइट फील्ड म्हणजे एकच दृश्य शेजारशेजारच्या अनेक जागांवरून टिपायचं आणि फोकस कुठे हवा ते नंतर संगणकावर ठरवायचं. रावेरजवळच्या आमच्या बागेत हिवाळ्यात सुरुवात केली. हार्डवेअरच्या दुकानातलं ड्रॉवरचं 24 इंची चॅनल स्टँडवर आडवं बसवलं, त्यावर मोबाइल. दर 2 सेंटिमीटरला एक, असे 31 फोटो. मग पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत प्रत्येक फोटो त्याच्या जागेच्या प्रमाणात सरकवायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची. किती सरकवायचं हा एकच आकडा बदलला की फोकस पुढे-मागे जातो, फोटो काढून आठवडा उलटला असला तरी.

खरी ताकद दिसली ती घडावर. घड 3 मीटरवर, मध्ये दीड मीटरवर वाळून लोंबणाऱ्या पानाच्या दोन पट्ट्या, जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद. एका फोटोत फण्या अर्ध्या झाकलेल्या. फोकस घडावर नेला तर पट्ट्या विरघळल्या, पण भुरकट पडदा राहिला. सरासरीऐवजी मध्यक (मीडियन, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) घेतला आणि पडदाही गेला. फणीतलं केळ न् केळ मोजता आलं. आडोसा निम्म्याहून कमी फोटोंत असेल तरच मध्यक साधतो. अख्खं हिरवं पान आडवं आलं की काही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते भुतांनी. 2 सेंटिमीटरच्या टप्प्यात माझ्या मोबाइलवर घड 20 पिक्सेल सरकतो, पट्टी 40. म्हणजे घडावर फोकस केल्यावर सरासरीत पट्टी धूसर होण्याऐवजी 20-20 पिक्सेलवर तिच्या प्रती उमटतात, कंगव्याच्या दातांसारख्या. टप्पा 1 सेंटिमीटर केला, फोटोंची रुंदी चौथाईवर आणली; फरक अडीच पिक्सेलवर आला आणि धूसरपणा मऊ झाला. माझ्या मते महागड्या कॅमेऱ्यापेक्षा हा टप्पा महत्त्वाचा.

लाइट फील्डवर काम करणारे संशोधक रेन एंग यांची 2005 ची फुरिये स्लाइसची रीतही वापरली. सगळ्या फोटोंचं मिळून एकदाच फुरिये रूपांतर (चित्राची लहरींत फोड) करायचं, मग त्यातला एकेक काप घेऊन उलट रूपांतर केलं की एकेका अंतरावरचा फोटो. वेगात ती सरसच. पण तिला टप्पे समान लागतात आणि हाताने ढकललेला मोबाइल 2-3 मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. आधीच्या, सरकवून सरासरी काढायच्या रीतीत मी घडाला दिलेल्या बांबूच्या टेकूचा माग काढून प्रत्येक फोटोची खरी जागा घालतो. शेतात मला तीच रीत भरवशाची वाटते.

मोबाइलचा फोकस आणि एक्स्पोजर आधी लॉक करा, नाहीतर फोटोगणिक आकार आणि उजेड बदलतो. वाऱ्याला मात्र उपाय नाही. पान हललं की गणित संपलं, म्हणून मी पहाटेच जातो. उजेड कमी असतो, पण 31 फोटोंच्या सरासरीत दाणेदारपणा साधारण साडेपाच पटीने घटतो.

एक उणीव अजून सलते. चॅनल आडवं, त्यामुळे धूसरपणाही आडवाच. उभ्या कडा विरतात, पण आडवी गेलेली पानाची शीर फोकसबाहेर असूनही धारदार राहते आणि डोळ्याला खुपते. त्यासाठी दुसरं चॅनल उभं जोडतोय, 7 बाय 7 ची जाळी, 49 फोटो. मृगाचा वारा सुटायच्या आत एक घड तरी त्यावर घ्यायचा आहे.