रेडिंगची टेम्प एजन्सी: नव्याने आलेल्यांनी जरूर जावं

नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडला आलेल्या, भारतात ऑफिसात काम केलेल्या बायकांनी रेडिंग स्टेशनजवळच्या, तात्पुरती कामं मिळवून देणाऱ्या या एजन्सीत बिनधास्त जावं. "इथला अनुभव आहे का?" असं कुणी विचारलं नाही. एक्सेल आणि टायपिंगची चाचणी घेतली, ई-व्हिसाचा शेअर कोड (इथे काम करायची परवानगी आहे हे दाखवणारा ऑनलाइन कोड) तपासला, बस्स. नावनोंदणीला पैसेही नाहीत. (काम मिळवून द्यायचे पैसे घ्यायला 1973 च्या कायद्याने बंदी आहे. कुणी मागितले तर सरळ उठून या.) मला पहिलं काम विमा कंपनीत मिळालं: टपाल उघडणं, कागद स्कॅन करणं, फोन घेणं. सुपरवायझरने टाइमशीटवर सही केली की पुढच्या शुक्रवारी पगार जमा.

एक गोष्ट मात्र खटकली. सुट्टीचा पगार तासाच्या दरातच धरलाय, म्हणजे सुट्टी घेतली की वेगळे पैसे नाहीत, हे पे-स्लिप वाचून कळलं. आधी सांगायला हवं होतं. म्हणून सही करण्याआधी 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' मागाच. एप्रिल 2020 पासून ते देणं बंधनकारक आहे आणि हातात किती पडणार ते त्यात असतं. एकाच जागी, त्याच कामावर 12 आठवडे झाले की तिथे थेट नेमलेल्यांइतकाच पगार मिळायला हवा, तेव्हा तारखा स्वतः लिहून ठेवा. नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि सरकारी विम्याच्या नोंदीसाठीचा नंबर) आला नसला तरी अडत नाही. अर्ज केला असेल तर काम सुरू करता येतं.