मधातले जलरंग वर्षभर वापरून: थंडीत उत्तम, आषाढात चिकट

गेल्या दिवाळीत घेतलेला १२ हाफ पॅनचा, म्हणजे छोट्या चौकोनी वड्यांचा, हा जलरंगांचा डबा आता सगळे ऋतू बघून झालाय. मधात घोटलेले रंग, पत्र्याचा डबा, झाकणात रंग मिसळायची सोय, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. त्यात वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते हे रंग वाळत नाहीत त्याबद्दल, कारण जुलैपासून विक्रेत्याशी माझं याच एका गोष्टीवरून वाजतंय.

आधी चांगलं सांगते. थंडीत या रंगांना तोड नाही. मी कोल्हापूरची. मार्गशीर्षात वडणगे, प्रयाग चिखलीच्या बाजूला उसाला तुरे आलेले असतात. लांबून तुरा पांढरा वाटतो, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्याला जांभळट झाक असते. अल्ट्रामरीन या गडद निळ्यामध्ये कणभर रोझ आणि भरपूर पाणी, एवढ्यात ती मिळते. फड तुटला की देखावाच बदलतो. काल जिथं हिरवी भिंत होती, तिथं आज मागचं गाव, देवळाचं शिखर आणि जोतिबाचा डोंगर दिसायला लागतो. गुऱ्हाळावर काहिलीतून उठणारी वाफ तर क्षणभरही थांबत नाही. अशा वेळी वडी घासत बसावं लागलं तर चित्र गेलंच. या डब्यात ओला ब्रश टेकवला की रंग सुटतो. शाळेपासून वापरलेल्या वड्यांत हे सुख मला कधी मिळालं नव्हतं.

उन्हाळ्यातही तक्रार नाही. माझ्या जुन्या वड्या एप्रिलमध्ये तडकून डब्यातून सुट्या व्हायच्या, यातली एकही तडकली नाही. रंकाळा तलावाचं पाणी खाली गेलं की त्यातला दगडी संध्यामठ उघडा पडतो. त्याच्या दगडावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांचे पट्टे दिसतात. ते मी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीनच्या करड्या छटांत रंगवले आणि माझ्या वहीतलं सगळ्यात आवडतं पान तेच आहे.

एकच जागा वर्षभर बघायची ओढ मला आबालाल रहमान यांच्या चित्रांमुळं लागली. शाहू महाराजांच्या दरबारचे हे चित्रकार १९३१ साली गेले. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा असा आपल्या गावचाच परिसर त्यांनी रंगवला. म्हणून मला डबाही बारा महिने साथ देणारा हवा होता.

आणि मग पाऊस लागला.

पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आम्हा कोल्हापूरकरांच्या तोंडी पाण्याचे फूटच असतात: ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पाणी चढायला लागलं की पंचगंगा घाटावरची लहान देवळं एकेक करून बुडायला लागतात, आणि ती बुडायच्या आत कागदावर घ्यायची असतात. आडोशाला बसून डबा उघडला, तर झाकण उघडेना. जोर लावून उघडलं तेव्हा लेमन यलो आणि रोझ पाघळून झाकणाला चिकटले होते. डबा झोळीत उभा राहिला होता, त्यामुळं अल्ट्रामरीन ओघळून पिवळ्यात उतरलं होतं. पिवळा शुद्ध मिळाल्याशिवाय भाताच्या कोवळ्या रोपांचा हिरवा होत नाही. ऐन पावसात माझा पिवळाच गेला.

कारण साधं आहे. मध आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणूनच हे रंग थंडीत चटकन सुटतात आणि उन्हाळ्यात तडकत नाहीत. आषाढात हवेतच एवढं पाणी असतं की वडी घट्ट होतच नाही. रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवून बघितली, फरक शून्य. पुढच्या आठवड्यात रोझवर पांढरी बुरशी धरली. मातीचे रंग, म्हणजे यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिले.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, दमट हवेत असं होणं सामान्य आहे. सामान्य आहे तर डब्यावर तसं छापा! त्यावर छापलंय ‘प्रवासासाठी आदर्श’. जिथं चार महिने पाऊस असतो तिथं तुम्ही हा माल विकताय, आणि माझे ३,२०० रुपये काही पावसाळा वगळून घेतले नव्हते. दोन वड्या बदलून द्या एवढंच माझं मागणं होतं. त्यांनी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. ते मी घेतलं नाही.

पण माझं मत जुलैत होतं तेवढं कडवट आता राहिलेलं नाही. एक तर बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या आणि रंगाचा डबा त्यांच्यासकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला लागले. दोन-तीन दिवसांत वड्यांचा चिकटपणा उतरला. निळे दाणे असलेल्या पुड्या सोयीच्या, ओल धरली की गुलाबी पडतात म्हणजे बदलायचं कळतं. दुसरं म्हणजे त्या मऊ वड्यांतून पावसाळी आभाळाचा जो दाट करडा निघाला, तो कडक वडीतून मला कधी काढता आला नव्हता. भर दुपारी अंधारून येतं तेव्हाचं रंकाळ्यावरचं आभाळ फिकट रंगात खोटं वाटतं. या रंगांनी ते एका हातात, थर न चढवता आलं.

तरीही झोळीत टाकून पावसात बाहेर पडायचं तर हा डबा नेऊ नका. मी आता श्रावण संपेपर्यंत विद्यार्थ्यांच्या साध्या ट्यूब वापरते. लागेल तेवढाच रंग प्लेटवर पिळायचा, उरलेला घरी येऊन पुसून टाकायचा. मधाचा डबा ऑक्टोबरच्या उन्हात परत बाहेर काढला, तर आठवड्यात पूर्ववत झाला.

घ्यायचाच असेल तर दिवाळीनंतर घ्या आणि पूर्ण संच घेऊ नका. त्यातला तयार हिरवा फारच भडक आहे, आपल्याकडच्या कुठल्याच झाडाला तो लागत नाही. सहा रंग पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, रोझ, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू. हाफ पॅन संपला की त्याच रंगाची ५ मिलीची ट्यूब आणून भरा, एका ट्यूबमध्ये दोन पॅन आरामात भरतात आणि नव्या वड्यांपेक्षा स्वस्त पडतं. भरायचं काम मात्र पाऊस संपल्यावरच करा.