भरल्या घरात पाहुणे : तयार मॉडलिस्टमध्ये क्वेस्ट मॉड बसवताना

‘स्कायरिम’ हा काल्पनिक जगातील साहसी संगणक-खेळ २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्याची ‘स्पेशल एडिशन’ २०१६ मध्ये. तरीही मुलुंडच्या आमच्या घरातील संगणकावर आजही तोच चालतो, कारण मॉड, म्हणजे खेळात चाहत्यांनी घातलेली भर वा बदल, करणाऱ्यांनी त्याला म्हातारा होऊ दिलेले नाही. गेल्या पावसाळ्यात मी ‘वाबाजॅक’ या मोफत साधनाने एक मोठी तयार मॉडलिस्ट, म्हणजे कुणीतरी एकमेकांशी जुळवून ठेवलेला मॉडचा संच, उतरवून घेतली. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून साठवणीसाठी नवी एसएसडी आणावी लागली आणि मॉड जिथून उतरवतात त्या ‘नेक्सस मॉड्स’ संकेतस्थळाचे सशुल्क सदस्यत्वही घ्यावे लागले, ते नसेल तर प्रत्येक फाइलसाठी स्वतः बटण दाबत बसावे लागते. लिस्ट बसली, खेळ देखणा झाला, पण लिस्टकर्त्याचा सारा भर लढाई आणि हवामानावर असल्यामुळे कथा मात्र जुन्याच राहिल्या. म्हणून तिच्यात क्वेस्ट मॉड, म्हणजे नव्या कथा आणि मोहिमा आणणारी मॉड, घालण्याचा उद्योग मी आरंभला.

या कामात सर्वाधिक गुण मी मॉड सांभाळणाऱ्या ‘मॉड ऑर्गनायझर २’ या साधनाला देईन. खेळाच्या मूळ फोल्डरला हात न लावता प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि खेळ सुरू होताना त्या सर्वांचा एक आभासी थर रचायचा, ही त्याची पद्धत असल्यामुळे चूक झाली तरी एक खूण काढून ती निस्तरता येते. मूळ लिस्टचे प्रोफाइल (कोणती मॉड चालू आणि कोणत्या क्रमाने, याची मांडणी) तसेच ठेवून मी त्याची प्रत केली आणि सारे प्रयोग त्या प्रतीवर केले. मात्र डावीकडील यादी फाइलींचा क्रम ठरवते आणि उजवीकडील प्लगिनांचा, म्हणजे मॉडने खेळाच्या नोंदींत केलेले बदल ज्यांत असतात त्या फाइलींचा, हा भेद नवख्याला सहजी उमगत नाही. क्रम आपोआप लावणारे ‘लूट’ तयार लिस्टवर चालवू नये. लिस्टकर्त्याने हाताने बसवलेली घडी त्याने विस्कटते. शिवाय खेळात पूर्ण प्लगिन २५४ च मावतात, हलके ४०९६ पर्यंत चालतात, आणि मोठी क्वेस्ट मॉड बहुधा पूर्ण जागाच अडवतात. वन रूम किचनमध्ये पाहुणे बोलावण्यापूर्वी अंथरुणे मोजावी, तशी ही मोजणी आधी करावी.

जी मॉड आपली भूमी स्वतःबरोबर आणतात ती सर्वांत निमूटपणे बसतात. ‘द फरगॉटन सिटी’ हे त्याचे उत्तम उदाहरण. जमिनीखालच्या एका प्राचीन नगरात एकाने गुन्हा केला तरी शिक्षा सर्वांना होते, हा तिथला कायदा. आणि उकल साधण्यासाठी काळात मागे जावे लागते. तलवारीपेक्षा संवादांवर चालणाऱ्या या मॉडला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्यावरून स्वतंत्र खेळही निघाला. माझ्या लिस्टमध्ये त्याला एकाही दुरुस्तीची गरज भासली नाही. २०१३ चे ‘फाल्स्कार’ही स्वतंत्र बेटावर घडते, त्यामुळे तेही सुखाने नांदले, पण त्याची कथा सरळसोट आहे आणि ‘फरगॉटन सिटी’नंतर खेळल्यास ती फिकी वाटते.

खरी अडचण तांत्रिक नव्हे, तर तोलाची आहे. माझ्या लिस्टमध्ये साधा दरोडेखोरही घाम फोडतो. क्वेस्ट मॉडमधील शत्रू मात्र मूळ खेळाच्या मापाने घडवलेले, त्यामुळे शेवटचा खलनायक दोन घावांत आडवा झाला आणि बक्षिसात मिळालेल्या तलवारीने पुढच्या साऱ्या लढायांची मजा घालवली. ‘एसएसई-एडिट’ या साधनामध्ये प्लगिनच्या नोंदी उघडून, लिस्टमधील आकडे पुढे आणणारा लहानसा पॅच (जुळवणीचे प्लगिन) स्वतः करण्यावाचून याला उपाय नाही. हे काम किचकट आहे, पण दोन रविवारांत जमते. एका मॉडने, ज्याचे नाव मी घेत नाही, खेळातील व्हाइटरन शहराच्या खाणावळीतील हुल्डाच्या नोंदीत फेरफार केला आणि लिस्टमधील चेहऱ्याच्या फाइलशी तो न जुळल्यामुळे तिचा चेहरा डांबरासारखा काळा झाला. दुसरीकडे, एकाच वेळी चार मॉड घातली की निरोप घेऊन येणारे दूत शहराच्या दाराशी असे गाठतात, की वाटते दिवाळीचा पोस्टमन बरा.

चालू सेव्हमधून (जतन करून पुढे खेळत असलेल्या खेळातून) क्वेस्ट मॉड काढू नये, कारण त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्येच रुतून बसतात. नव्या मॉडच्या नावाआधी चौकटी कंसात ‘नोडिलीट’ ही खूण रोमन लिपीत घालायलाही विसरू नये. नाहीतर लिस्टची पुढची आवृत्ती बसवताना वाबाजॅक ते मॉड पुसून टाकते.

‘बियाँड स्कायरिम : ब्रूमा’ मी मुद्दाम मागे ठेवले आहे. २०१७ चे हे मॉड स्कायरिमशेजारच्या सायरोडील प्रांताचा एक अख्खा परगणा उभा करते, आणि एवढ्या मोठ्या भूमीसाठी ‘डिनडोलॉड’ या साधनाने दूरची दृश्ये नव्याने तयार करावी लागतील. माझ्या जुन्या प्रोसेसरला ते रात्रभराचे काम आहे, म्हणून नवे पात्र घेईन तेव्हाच त्याला बोलावीन.