‘कोणते पाटील?’ : तीन फोन, तीन व्हॉइस असिस्टंट, काही महिन्यांचा वापर

माइकच्या एका भोकासाठी सर्व्हिस सेंटरवाल्यानं अख्खा बोर्ड बदलायचा खर्च सांगितला, तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. फोन चालू, स्क्रीन चालू, बॅटरी दणकट. फक्त मी बोललेलं त्याला ऐकू येईना. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “सर, पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही.” पाणी कुठलं? कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. तिथं फोनात जाऊन जाऊन जाणार काय, तर बिडाची बुकणी. हे त्याला सांगितलं, तर त्यानं मलाच नियम वाचून दाखवले. फोन उचलला आणि महाद्वार रोडजवळच्या एका साध्या रिपेअरिंगवाल्याकडं गेलो. त्यानं भिंग लावून, सुईनं जाळी कोरून काढली, वर चहा पाजला आणि किरकोळ पैसे घेतले. तो फोन आजही दुकानात चालतोय.

मधल्या काळात बायकोचा आणि पोराचा फोन आळीपाळीनं दुकानात वापरावा लागला. पुढंही सवय राहिली आणि त्यातनं तिन्ही फोनच्या व्हॉइस असिस्टंटची, म्हणजे तोंडानं सांगून काम करून घ्यायच्या सोयीची, ही तुलना झाली. प्रोसेसर, रॅम, कॅमेरा यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळं ते सोडून देतो. मी एकच गोष्ट बघतो: हात कोपरापर्यंत तेलानं माखलेत, शेजारी लेथ चालू आहे, अशा वेळी मी सांगितलेल्या माणसाला फोन लागतो का? तेवढं जमलं तर असिस्टंट कामाचा. विनोद सांगतो, गाणी लावतो, हवामान सांगतो, ते ज्याला वेळ आहे त्यानं ऐकावं. कुठल्या तक्रारीचा फोन कुठल्या कंपनीचा, ते मुद्दाम लिहीत नाही. ब्रँडवरून भांडायला इथं लोक टपलेलेच असतात.

आता पाटलांचं सांगतो. कोल्हापुरात धंदा करणाऱ्याच्या फोनमध्ये किती पाटील असतात, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. माझ्याकडं पाटील स्क्रॅप, पाटील कोटिंग, पाटील टेंपो, पाटील गिअर कटिंग, पाटील सर, पाटील सर नवीन नंबर आणि एक नुसताच पाटील आहे. “पाटील टेंपोला फोन लाव” म्हटलं की एक फोन अदबीनं विचारायचा, “कोणते पाटील?” आणि यादी वाचायला घ्यायचा. आपल्याशी एवढ्या अदबीनं फक्त क्रेडिट कार्ड विकणाऱ्या बाईच बोलतात. यादी गिअर कटिंगपर्यंत येईस्तोवर इकडं कापायचं टूल जॉबला, म्हणजे मशीनवरच्या तुकड्याला, भिडायची वेळ झालेली. मग मी “टेंपो! टेंपो!” म्हणून ओरडायचो. एकदा अशाच ओरडण्यात फोन लागला पाटील सरांना. हे पोराचे जुने हेडमास्तर, आता निवृत्त. त्यांनी उचलला आणि मी नाव न विचारताच, “गाडी कुठवर आली? माल घेऊन निघालाय का न्हाई?” सर शांतपणे म्हणाले, “मी घरीच आहे. कोण बोलतंय?” दुकानातला बाळू मशीन बंद करून हसत बसला.

खरी गोम कॉन्टॅक्टच्या नावांत आहे. आपण नावं साठवतो इंग्रजी अक्षरांत, तीही जसं सुचेल तसं स्पेलिंग करून, आणि हाक मारतो मराठीत. ऐकलेली मराठी त्या इंग्रजी स्पेलिंगशी जुळवायची म्हणजे असिस्टंटची परीक्षाच. त्यात माझ्या यादीत ‘पाटील’चीच तीन स्पेलिंगं. एका रविवारी बसून सगळी यादी धुऊन काढली. आडनावं उडवली, नावं देवनागरीत लिहिली. पाटील टेंपो झाले ‘टेंपोवाले आप्पा’, पाटील स्क्रॅप झाले ‘भंगारवाले तात्या’. ज्यांची नावं बिलासाठी इंग्रजीत ठेवणं भाग होतं, त्यांच्यासाठी उच्चाराचा वेगळा रकाना असतो तो भरला. गुगल कॉन्टॅक्ट्समध्येही तो आहे आणि आयफोनमध्येही आहे, पण ‘आणखी’ असं दाबत आत गेल्याशिवाय दिसत नाही. एवढं केल्यावर तिन्ही फोन सुधारले. चौथा नवा फोन घ्यायच्या आधी हे काम करा. पैसे लागत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर लेथ चालू असताना तिन्ही फोन बऱ्यापैकी ऐकतात. ग्राइंडर नाहीतर कॉम्प्रेसर सुरू झाला की तिन्ही बहिरे. तारेचा माइकवाला इअरफोन गळ्यात अडकवला की ग्राइंडरच्या गोंगाटातही काम होतं. शंभर-दीडशेच्या इअरफोननं जे साधलं, ते महागड्या फोनच्या तीन-तीन माइकांना साधलं नाही. दोन अँड्रॉइड फोन एका टेबलावर ठेवू नका. “ओके गुगल” म्हटलं की दोन्ही जागे होतात, आणि दोघांत मिळून कुणालाच फोन लागत नाही.

भाषेचा हिशोब असा. गुगलच्या कीबोर्डवर बोलून मराठी टाइप करायची सोय २०१७ मध्ये आली आणि गुगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी शिकला. जेमिनीचं, म्हणजे गुगलच्याच नव्या एआय असिस्टंटचं, अॅप आपल्याकडं जून २०२४ मध्ये आलं, तेच मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन. सिरी या सगळ्यांत थोरली, २०११ मध्ये आयफोन ४एसबरोबर आली. पण तिच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. भारतीय इंग्रजी निवडून मध्येमध्ये मराठी शब्द पेरले तर चालतात. सॅमसंगची बिक्सबी २०१७ पासून आहे, तिलाही मराठी येत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांच्या वर होते. सिरीला फिनिश येते, आणि फिनलंडची लोकसंख्या साठ लाखही नाही. फिनलंडवर माझा राग नाही. पण फोन विकताना आमचे पैसे मराठीतच मोजून घेतात की.

मराठी येते म्हणजे आमची मराठी येते असं मात्र नाही. “आप्पांना फोन लाव की” म्हटलेलं कळतं. “आप्पास्नी लाव जरा” म्हटलं की गडबड. मी दुकानात जसा बोलतो तसा एका फोनशी बोलायला लागलो की तो नम्रपणे माफी मागत बसतो. बाळूचं बोलणं त्याला माझ्यापेक्षा बरं कळतं, कारण बाळू फोनशी बोलताना एकदम टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यासारखा बोलायला लागतो.

आता पावणेसात. मला सकाळी पावणेसातचा गजर लागतो. साडेपाच, सव्वासहा, दीड तासानं, अडीच तासानं, हे सगळं तिन्हीकडं जमतं. पण एका फोनला पावणे म्हटलं की त्याचा गोंधळ उडतो, कधी सात धरतो, कधी सव्वासात. सात वाजता उठलो तर शिफ्टची पोरं कुलपापाशी उभी. आता मी निमूटपणे “सहा पंचेचाळीस” म्हणतो. पावणे ज्याला कळत नाही त्याला मराठी येते असं मी मानणार नाही, मग जाहिरातीत काहीही लिहा.

इथवरचं लिहून ठेवलं होतं आणि निकाल असा होता: फोन लावायला वापरा, बाकी सगळा पोरखेळ. मग बायकोच्या फोनवर जेमिनी नीट वापरायला लागलो आणि निकाल थोडा हलला. गुगलनं मार्च २०२५ मध्येच जाहीर केलंय की फोनवरचा जुना असिस्टंट जाऊन त्याच्या जागी जेमिनी येणार. मला वाटलं, चाललेलं मोडायची यांना हौसच आहे. पण एक दिवस हात तेलात होते, चष्मा वर कपाटावर होता आणि बाळू विचारत होता. मी सहज म्हटलं, “एम दहाच्या टॅपला ड्रिल कितीचं?” म्हणजे दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे पाडायच्या आधी भोक केवढं पाडायचं. उत्तर आलं, दीडच्या पिचला, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असेल तर, साडेआठ मिलिमीटर. बरोबर. “आणि एम बाराला?” दहा पूर्णांक दोन. बरोबर. “एम आठ?” सहा पूर्णांक आठ. तेही बरोबर. पुन्हा पुन्हा हाक मारावी लागली नाही, माणसाशी बोलावं तसं बोलणं पुढं गेलं. लाइव्ह मोड म्हणतात त्याला. खरं सांगतो, त्या दिवशी मी जरा गप्प झालो. तीस वर्षं भिंतीवर चिकटवलेला तेलकट तक्ता बघायला मान वर करत आलो, आणि इथं काम न थांबवता उत्तर मिळत होतं.

म्हणून तक्ता काढला असं मात्र नाही. पोरानं तसाच प्रश्न दुसऱ्या एका एआय अॅपला विचारला: तीन अष्टमांश बीएसपीला (हे पाइपच्या आट्यांचं माप) ड्रिल किती? त्यानं ठासून एक आकडा सांगितला, वर कारणंही दिली. बाळू ड्रिल शोधायला निघालासुद्धा. तिथं सव्वापंधरा मिलिमीटर लागतं. त्या आकड्यानं भोक पाडलं असतं तर आटे धरलेच नसते आणि जॉब भंगारवाल्या तात्यांकडं गेला असता. चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर एकाच सुरात सांगतात, हा यांचा सगळ्यात वाईट गुण. आमच्याकडं नवीन पोरगं चुकीचं सांगतं तेव्हा निदान त्याचा आवाज तरी खाली जातो.

पावसाळ्यात हेच पंचगंगेच्या पाण्याबाबत झालं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. फोननंही सांगितलं. पण “आत्ता पाणी किती?” विचारलं की एक फोन कुठल्या तरी जुन्या बातमीतला आकडा वाचून दाखवायचा, तारीख न सांगता. मला व्हीनस कॉर्नरकडनं माल आणायचा होता. २०१९ च्या पुरात तिथं काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं असल्या आकड्यावर गाडी पाठवायची माझी तयारी नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाचा रोजचा मेसेज व्हॉट्सअॅपवर येतो, त्यात वेळ असते, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत ते असतं. पुराच्या दिवसांत तेवढंच बघावं.

आईनं मात्र जेमिनीला वेगळंच जोखलं. तिनं विचारलं, अंबाबाईचा किरणोत्सव कधी असतो? उत्तर आलं, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मला वाटलं खूश होईल. ती म्हणाली, “ते मला ठाऊकच हाय. गर्दी किती असंल ते विचार.”

पोराच्या आयफोनची एक गोष्ट मान्य करावी लागते. आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, गजर लावणं, टायमर लावणं, अॅप उघडणं असली कामं सिरी नेट नसतानाही करते. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं पक्का माल ठेवतो, तिथं पत्रा आणि भिंती असल्यानं रेंज शून्य. तिथं टायमर लावायला तोच फोन चालला. इंग्रजीत बोलावं लागलं, पण “टेन मिनिट्स टायमर” एवढं इंग्रजी आम्हालाही येतं. उरलेल्या दोन फोनना तिथं नेलं की ते नेट शोधत बसतात.

घरात हटकून एक प्रश्न निघतो, हे सगळं ऐकत असतं का? जागं करायचा शब्द पकडायचा तर कान उघडा ठेवावाच लागतो. सिरीनं न बोलावता रेकॉर्डिंग केल्याच्या अमेरिकेतल्या दाव्यात अॅपलनं २०२५ च्या सुरुवातीला साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही. मी रात्री घरी जाताना हाकेची सोय बंद करतो. दुकानात ऐकून ऐकून काय ऐकणार, उधारीचीच बोलणी.

सध्याची व्यवस्था अशी: जुना फोन दुकानात, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीतनंही त्याला ऐकू येतं, बुकणी आत जात नाही, आणि फोन लावायचं काम तो करतो. ड्रिल, टॅप, मिमीचे इंच हे सगळं बायकोचा फोन दुपारी दुकानात आला की. पोरगा म्हणतोय, आता नवाच घ्या, एकात सगळं येईल, आणि जेमिनीचा पैशाचा प्लॅनही घ्या. आप्पांना फोन लावायला आणि साडेआठचं ड्रिल ऐकायला फुकटातलं पुरतंय. प्लॅन घेतलेला नाही, घेणारही नाही.