परदेशातून परत आणणारी सरकारी फेलोशिप: सायंटिस्टच्या नवऱ्याने लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी सायंटिस्ट नाही, माझी बायको आहे. मी आयटीवाला, घरी बसून काम करणारा. परदेशातल्या भारतीय संशोधकांना परत बोलवायला सरकारच्या फेलोशिपा असतात ना, त्यातल्या एकीवर आम्ही जर्मनीतल्या हायडेलबर्गचं बिऱ्हाड उचलून पुण्याला आलो. यायच्या आधी मी नेटवर जाम शोधलं, पण एकतर सरकारी पीडीएफ नाहीतर मातृभूमीची हाक टाइप लेख, घर चालवणाऱ्याला कामाला येईल असं काही नाही. म्हणून हा रिव्ह्यू. नक्की कुठली फेलोशिप आणि कुठली संस्था ते लिहीत नाही, बायकोने बजावलंय, अजून हप्ते यायचेत.

घरात मतं घेतली. आईने पाच स्टार दिले कारण नात जवळ आली. बायको साडेतीन म्हणते. मी तीन देतो, आणि त्यातला निम्मा स्टार तिच्या लॅबमधल्या पोरांचा आहे.

आता बाजारात काय काय मिळतं ते बघू. रामानुजन फेलोशिप २००६ पासूनची, विज्ञान-इंजिनिअरिंगच्या सगळ्या शाखांना, वय चाळिशीच्या आत पाहिजे, महिना १,३५,००० रुपये (घरभाडं त्यातच धरलेलं), वर्षाला ७ लाख संशोधनाला, ६०,००० संस्थेला ओव्हरहेड (जागा, वीज वगैरे वरखर्च) म्हणून, आणि मुदत ५ वर्षं. आधी हे सर्ब (संशोधनाला पैसे देणारं केंद्र सरकारचं मंडळ) बघायचं, आता सर्बच नव्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये गेलंय. जीवशास्त्रवाल्यांसाठी बायोटेक्नॉलॉजी विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. हे रामलिंगस्वामी म्हणजे ज्यांनी कांग्रा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं ते, आपण आज आयोडीनवालं मीठ खातो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे, नाव अगदी योग्य माणसाचं दिलंय. इन्स्पायर फॅकल्टी तरुण मंडळींसाठी, वय ३२ च्या आसपास संपतं, म्हणजे दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरची टेम्पररी संशोधनाची नोकरी) केलेल्या माणसाने विसरावं. वेलकम ट्रस्ट आणि बायोटेक्नॉलॉजी विभागाची मिळून इंडिया अलायन्स २००८ पासून आहे, पैसा यांच्यापेक्षा बराच मोठा, पण मिळवायलाही तितकीच अवघड.

आणि मग पाहुण्यांच्या स्कीमा. २०१७ ची वज्र, एक ते तीन महिने या, पहिल्या महिन्याचे १५,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक महिन्याचे १०,००० डॉलर घ्या. २०२३ ला जाहीर झालेली वैभव, वर्षातून दोन महिन्यांपर्यंत या, महिना ४ लाख, असं तीन वर्षं. मला यांच्यावर राग नाही, ओळखी होतात, मुलांना चांगलं शिकायला मिळतं. पण गणित बघा ना, जो दोन महिने येऊन परत जाणार त्याला महिना ४ लाख आणि जो बायकापोरांसकट, सामानाच्या कंटेनरसकट कायमचा आला त्याला १,३५,०००. आमच्याकडे या आकड्यावर जेवताना बोलायचं नाही असा नियम आहे.

आम्ही का घेतली? देशप्रेम वगैरे होतं थोडं, नाही असं नाही, पण खरं कारण जर्मनीतला कायदा. तिथे विद्यापीठांत पीएचडीनंतर साधारण सहा वर्षांच्या वर टेम्पररी कॉन्ट्रॅक्टवर ठेवत नाहीत, मूल असेल तर थोडी सूट, बाहेरच्या ग्रँटवर थोडी पळवाट, पण शेवटी प्रोफेसर व्हा नाहीतर बाहेर पडा. प्रोफेसरच्या जागा मोजक्या. अमेरिकेत जावं म्हणलं तर तिकडे २०२५ मध्ये एनआयएचच्या (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था) ग्रँटांना कात्री आणि नवीन एच-वन-बी व्हिसाला १ लाख डॉलर फी. थोडक्यात, परत बोलवायच्या स्कीमचा सगळ्यात मोठा सेल्समन परदेशातलाच कुणीतरी असतो, आपण त्याचं श्रेय घेतो.

दुसरं कारण तिच्या कामाचं. ती बुरशीवर काम करते, माणसाला होणाऱ्या. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने आपल्याकडे काय हाहाकार केला ते सगळ्यांना आठवत असेल. तिकडे असे पेशंट क्वचित, इथे हॉस्पिटलचे डॉक्टर स्वतः फोन करून मॅडम सॅम्पल आलंय म्हणून सांगतात. तिच्यासारखीला ज्या प्रश्नावर काम करायचंय तो प्रश्नच इथे राहतो, हे फार मोठं आहे, आणि याला फेलोशिपचं क्रेडिट द्यायचं की बुरशीचं ते तुम्ही ठरवा.

चांगलं काय ते आधी सांगून टाकतो. आल्या दिवसापासून ती स्वतःची बॉस. तिकडे कितीही अनुभव असला तरी पेपरवर शेवटचं नाव प्रोफेसरचं, इथे हिचं. नेटची जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी पीएचडीची सरकारी फेलोशिप) मिळवलेली पोरं स्वतःचे ३७,००० घेऊन येतात, त्यांचा पगार हिच्या ग्रँटमधून जात नाही. आणि पोरं म्हणजे, सांगली, बीड, चंद्रपूर, कुठून कुठून आलेली, रात्री दहाला लॅबमध्ये असतात, एकाने तर जुना शेकर स्वतः उघडून मोटर बदलली. तिकडे कंपनीचा इंजिनिअर येईपर्यंत कुणी हात लावला नसता. प्रायमर (प्रयोगाला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) भारतातच बनतात, पटकन येतात. तक्रार नाही.

आता रडगाणं.

पहिलं, पैसे. मंजूर झालेत, पत्र आलंय, सही-शिक्का आहे, पण खात्यात नाहीत. हल्ली पद्धत अशी झालीय की पैसा संस्थेच्या खात्यात येऊन बसत नाही, खर्चाच्या वेळी वरून सुटतो आणि ३१ मार्चला उरलेला परत जातो. कागदावर छान आहे, सरकारचा पैसा पडून राहत नाही, मला अकाउंटिंग म्हणून पटतं सुद्धा. पण मग एप्रिल उजाडतो, मागच्या वर्षीचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, ते सर्टिफिकेट अकाउंट्समध्ये, अकाउंट्सवाले ऑडिटमध्ये, ऑडिटवाला सुट्टीवर. एका वर्षी हिचा पगार एप्रिलमध्ये थांबला तो गणपतीच्या आसपास सगळा एकदम आला. माझा पगार चालू होता म्हणून घराचा हप्ता गेला. एकट्या माणसाने किंवा जिच्या नवऱ्याला इथे अजून नोकरी नाही तिने काय करायचं? हे काही आमच्याच नशिबी नाही, फेलोशिपचे पैसे महिनोन्महिने अडकल्याच्या बातम्या पेपरात येऊन गेल्यात.

दुसरं, खरेदी. हायडेलबर्गला कॉरिडॉरमध्ये एक फ्रीझर होता, एन्झाइम पाहिजे तर काढायचं, कोड स्कॅन करायचा, संपलं. इथे इंडेंट, तीन कोटेशनं, एकच कंपनी बनवत असेल तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, मग जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीची वेबसाइट) ती वस्तू नाही याचा पुरावा, मग डीलर म्हणतो मॅडम स्टॉक नाही, बाहेरून येईल, दीड-दोन महिने धरा. बाहेरून निघालेली अँटिबॉडी ड्राय आइसमध्ये मुंबई विमानतळावर उतरते आणि नेमका लाँग वीकएंड येतो. ड्राय आइसला सुट्टीचं कॅलेंडर कळत नाही, तो उडून जातो. बिल मात्र भरावं लागतं.

त्यात कर. २०२२ च्या जुलैपर्यंत सरकारी संशोधन संस्थांना उपकरणं आणि लॅबच्या सामानावर ५ टक्के जीएसटीची सवलत होती, ती काढली आणि बऱ्याच गोष्टींवर १८ टक्के लागायला लागला. सात लाखांची सगळी खरेदी १८ टक्क्यांनी धरा, लाखाच्या वर रक्कम करातच गेली, म्हणजे एका मंत्रालयाने दिलेले पैसे दुसऱ्या मंत्रालयाने परत नेले आणि मधल्या मधे सायंटिस्टने फॉर्म भरला. २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये तर लॅब केमिकल्सवरची कस्टम्स ड्युटी १० वरून १५० टक्के केली होती! ओरडा झाल्यावर थोड्याच दिवसांत स्वतःच्या लॅबमध्ये वापरणाऱ्यांसाठी ती परत १० वर आणली, पण ते दिवस आमच्या घरात कसे गेले विचारू नका, ही यादी घेऊन बसलेली आणि मी एक्सेलमध्ये दीडशे टक्के लावून दाखवतोय, वेडेपणा नुसता.

बरं, इथे न्यायाने बोललं पाहिजे. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने नियम खरोखर सैल केले. संशोधनाच्या सामानासाठी संस्थेचा डायरेक्टर जेमच्या बाहेरून घ्यायला परवानगी देऊ शकतो, कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, मर्यादित टेंडरची (निवडक पुरवठादारांकडूनच मागवायच्या) १ कोटीपर्यंत गेली. हिच्या म्हणण्याप्रमाणे फरक पडलाय, पण नियम दिल्लीत बदलला तरी स्टोअरमधल्या क्लार्कच्या मनात तो उतरायला वेळ लागतो, तो बिचारा म्हणतो मॅडम उद्या ऑडिटला मला उभं करतात, तुम्हाला नाही. त्याचंही खरंच आहे.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, पाच वर्षांनंतर काय? फेलोशिप म्हणजे नोकरी नाही. संस्था होस्ट असते, म्हणजे टेबल देते, जागा देते, आणि मग कधीतरी जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करा म्हणते, तुम्ही आणि बाहेरचे शंभर जण एकाच रांगेत. काही ठिकाणी पर्मनंट नसल्याने विद्यापीठ पीएचडीचा गाइड म्हणून मान्यता द्यायला खळखळ करतं, मग विद्यार्थी दुसऱ्याच्या नावावर लावायचा आणि शिकवायचं आपण. एकीकडे राज्यातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि दुसरीकडे पाच वर्षं सरकारी खर्चाने इथे तयार झालेली माणसं जाहिरातीची वाट बघत बसलेली, हे दोन्ही एकाच देशात कसं चालतं मला कळत नाही. आमच्या ओळखीतला एक जण मुदत संपल्यावर परत युरोपला गेला. त्याच्यावर झालेला खर्च कुठल्या खात्यात टाकायचा?

आणि आपल्याला हे जमत नाही असं पण नाही. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून भारतातल्या संस्थांना पत्र पाठवलं की आम्हाला परत येऊन एकत्र काम करायचंय. होमी भाभांनी १९६२ च्या जानेवारीत तार करून कळवलं की ग्रुप काढायचं ठरलंय, ऑफरचं पत्र मागून येतंय. त्या चौघांतले गोविंद स्वरूप १९६३ मध्ये स्टॅनफोर्ड सोडून भाभांच्या टीआयएफआरला (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आले. आधी कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या जुन्या अँटेना लावल्या, मग १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब टेलिस्कोप, आणि मग आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, ४५ मीटरच्या ३० डिश. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना पोरांना त्या दाखवतो आपण. त्या चौघांतले टीआयएफआरमध्ये कायमचे राहिले ते स्वरूपच, म्हणजे तेव्हाही सगळं गोडगोड नव्हतं. पण आलेल्या माणसाला नोकरी होती, टीम होती, आणि वर एक असा माणूस होता जो हो म्हणाल्यावर फाइल फिरत नव्हती. नारळीकरही १९७२ मध्ये केंब्रिजहून टीआयएफआरला आले ते प्रोफेसर म्हणून, पाच वर्षांच्या बोलीवर नाही, आणि पुढे त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली.

उलट उदाहरण पण आहेच. हरगोविंद खुराना १९४९ मध्ये युरोपातून परत आले होते, नोकरी मिळाली नाही, परत गेले, आणि १९६८ चं नोबेल अमेरिकेच्या खात्यात. १९५८ मध्ये सीएसआयआरने (सरकारी प्रयोगशाळा चालवणारी परिषद) परत येणाऱ्यांसाठी सायंटिस्ट पूल काढला, पक्की नोकरी लागेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून. म्हणजे आज हिला जी वस्तू मिळालीय तिची पहिली आवृत्ती माझ्या वडिलांच्या जन्माआधीची आहे. पगार वाढला, नावं चांगली आली, पण तात्पुरती सोय तात्पुरतीच राहिली.

तर घ्यायची का? ज्यांचा संशोधनाचा विषय इथला आहे, टीबी, मान्सून, भुईमूग, बुरशी काही का असेना, त्यांनी घ्या. ज्यांना पाच कोटींचं मशीन स्वतःच्या खोलीत पाहिजे त्यांनी आधी त्या शहरात ते कुठे आहे आणि बाहेरच्याला स्लॉट देतात का ते बघा. अर्ज करायच्या आधी होस्ट संस्थेला सरळ मेल टाका: लॅबची जागा आत्ता रिकामी आहे का रिकामी होणार आहे (यात वर्ष जातं), उणे ऐंशीचा फ्रीझर जनरेटरवर आहे का, पीएचडीचे विद्यार्थी माझ्या नावावर लागतील का, फेलोशिप अडकली तर संस्था स्वतःच्या पैशातून पगार चालू ठेवते का, आणि मागच्या पाच-सात फेलोंपैकी किती जणांना तिथेच पोस्ट मिळाली. शेवटच्या प्रश्नाला जे उत्तर देत नाहीत त्यांचा नाद सोडा. उत्तर लेखी घ्या, फोनवर सगळं हो जाएगा मॅडम असतं. शक्य असेल तर तिथल्या एखाद्या फेलोच्या नवऱ्याशी किंवा बायकोशी बोला, ते जास्त खरं सांगतात.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून या, आणि दोघांपैकी एकाची नोकरी या सिस्टीमच्या बाहेरची असू द्या. दोघंही सायंटिस्ट असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही, कारण एकाच शहरात दोघांना होस्ट मिळवून द्यायची जबाबदारी कुठल्याच स्कीममध्ये कुणाचीही नाही, आमच्या माहितीतली एक जोडी अशीच आहे, ती पुण्यात, तो मोहालीत, आणि मुलगा आजीकडे नागपूरला.