लूसी की पेट्री?

कृष्णधवल काळातली एकच अमेरिकन विनोदी मालिका बघायला वेळ आहे, तर ‘आय लव्ह लूसी’ लावू की ‘द डिक व्हॅन डाइक शो’, असं दोघातिघांनी विचारलं. मी दोन्ही पूर्ण पाहिल्यात. आधी लूसी, १८० भाग. मग डिक व्हॅन डाइकचे, म्हणजे त्यातल्या रॉब आणि लॉरा पेट्री या जोडप्याचे १५८. त्यामुळे जे सांगतोय ते सोफ्यावर बसून कमावलेलं ज्ञान आहे, तेवढंच धरा.

लूसिल बॉलच्या तोडीचं अंगविक्षेपाचं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. चॉकलेटच्या कारखान्यात पट्टा वेगाने पळायला लागतो आणि लूसी आणि तिची मैत्रीण एथेल चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये कोंबत सुटतात, ते बघताना इंग्रजी बेताचंच कळणारी माझी आईसुद्धा डोळे पुसत होती. घरात अशी ज्येष्ठ मंडळी असतील तर प्रश्नच मिटला, लूसी लावा. डिक व्हॅन डाइककडे निम्मी गंमत टीव्ही-लेखक रॉबच्या ऑफिसात, लेखकांच्या खोलीतल्या शाब्दिक टोल्यांत आहे. रॉबचा सहलेखक बडी त्या टकल्या निर्मात्याची, मेलची, इतक्या झटपट फिरकी घेतो की सबटायटल नसतील तर माझंही दर तिसरं वाक्य निसटतं.

मग लूसीत खटकलं काय? नवऱ्याची, म्हणजे रिकीची भीती. पैसे जास्त खर्च झाले, लपव. नवीन टोपी घेतली, लपव. रिकीच्या कार्यक्रमात काम करायचंय, वेषांतर कर. लपवाछपवी विनोदात चालायचीच, आपल्या फार्सनी तरी दुसरं काय केलंय! पण इथे पकडली गेल्यावर रिकी तिला मुलासारखा दटावतो आणि दोन-चार भागांत तर चक्क मांडीवर पालथी घालून चोपतो. प्रेक्षक खदखदतात. पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं, दुसऱ्यांदा बायकोने माझ्याकडे पाहिलं, तिसऱ्यांदा मीच रिमोट उचलला. काळ १९५१ ते १९५७ चा, मान्य. आजचे चष्मे लावून बघू नये, हेही मान्य. तरी चौथ्या-पाचव्या भागानंतर ‘अगं, सांगून टाक ना एकदाचं!’ असं वाटायला लागतं, आणि ते एकदा वाटलं की पुढचं हसू अर्ध्यावर येतं. हे सगळं खुद्द लूसिल बॉलच्या वाट्याला यावं याचंही नवल वाटतं, कारण पुढे १९६२ मध्ये माजी नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन अख्खा देसीलू स्टुडिओ तिनेच चालवला. आणि डिक व्हॅन डाइकचं चित्रीकरण देसीलूच्याच जागेत व्हायचं!

रॉब आणि लॉरा पेट्रीही एकमेकांपासून गोष्टी लपवतात. लॉरा टीव्हीवर भोळेपणाने बोलून बसते की रॉबचा साहेब अॅलन ब्रेडी केसांचा टोप घालतो, तो भाग बघाच. पण त्यांच्या भांडणात दोघंही मोठी माणसं असतात. लॉरा चिडते, रॉब गडबडतो, मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलून मिटतं. कार्ल रायनरने टीव्ही-लेखकाचं घर आणि ऑफिस स्वतःच्या अनुभवातून लिहिलं, ते जाणवतं.

इथेही कुरकुरीला जागा आहे. घरच्या पार्टीत ऊठसूट गाणं-नाच सुरू होतो. मी पुढे ढकलतो. रॉबची सहलेखिका सॅली हिला नवरा मिळत नाही हा विनोद पाच सीझन ताणलाय, तोही आज जरा बोचतो. आणि लूसीसारखा पोट धरून हसवणारा भाग इथे कमीच. अपवाद अक्रोडांचा: कपाट उघडतं आणि अक्रोडांच्या लोंढ्यावरून लॉरा घसरत बाहेर येते.

म्हणजे निवडक दहा भाग बघायचे असतील तर लूसी, बिनधास्त. रोज जेवताना एक असं महिनोन्‌महिने चालवायचं असेल, तर माझ्यापुरतं उत्तर पेट्रींच्या घरी आहे. पहिला सीझन जरा चाचपडतो, दुसऱ्यापासून सुरू केलंत तरी बिघडत नाही. तिथूनच ती प्रसिद्ध सुरुवात येते: रॉब दारातून आत येतो आणि मधल्या गुबगुबीत स्टुलाला अडखळून कोलमडतो, किंवा ऐनवेळी वळसा घालून वाचतो. पुढे तिसरा प्रकारही येतो, स्टूल चुकवून मग अडखळतो. आमच्याकडे यावर रोज पैज लागते. भांडी कोण घासणार, ते त्यावर ठरतं.