गाडी मिसिंग मारतेय: पाना आपण धरायचा की गॅरेज गाठायचं?

गुहागरहून चिपळूण 45 किलोमीटर. सकाळी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की दिवस गेलाच. गावातलं गॅरेज हाकेच्या अंतरावर, पण पावसाळ्यात तिथे आधीच चार गाड्या उभ्या. मग कुठलं काम घरच्या पडवीत करायचं आणि कुठलं नाही? माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्ती कोणीही करो, बिघाड शोधायचं काम जमेल तिथे आपणच करावं.

मिसिंगचंच बघा, म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. पाऊस लागला की गाडी सकाळी थरथरते, चढावर पिकअप घेत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो. पेट्रोल गाडी असेल तर पहिला संशय ठिणगी टाकणाऱ्या प्लगवर आणि त्याला वीज देणाऱ्या कॉइलवर. हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ओबीडी रीडर (गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारं छोटं यंत्र) लावला की मोबाइलवर कोड दिसतो. साधा रीडर हजार रुपयांच्या आत मिळतो. पी 0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग, पी 0302 म्हणजे दुसऱ्याला. इंजिन पूर्ण गार झाल्यावर या दोघांच्या कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा आणि एक चक्कर मारून या. आधी 0301 असलेला कोड आता 0302 झाला तर कॉइलच गेलीय. 0301 च राहिला तर प्लग काढून बघा. हे न करता गेलात तर घाईत चारही कॉइल बदलल्या जाऊ शकतात. जिथे एकीवर भागत होतं तिथे चौपट खर्च.

गेल्या पावसाळ्यात मी कॉइल उपसली, तर तिच्या टोकाला हिरवट-पांढरी पूड आणि प्लगच्या खोबणीत चमचाभर पाणी. आदल्या दिवशी चिखल काढायला बॉनेट उघडून प्रेशरने गाडी धुतली होती, तेच पाणी. ते कापडाने टिपलं, हवा मारली, मगच प्लग सोडवला. नाहीतर पाणी आणि वाळू थेट सिलिंडरमध्ये गेली असती. घरी काम करण्यातला एक धोका हा, दुसरा आट्यांचा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. नवा प्लग आधी बोटांनी फिरवत बसवायचा, पाना शेवटी लावायचा. तिरका प्लग पान्याने रेटलात तर आटे जातात, आणि साध्या प्लगपायी हेड उतरवायची पाळी येऊ शकते.

दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर मात्र घरचे प्रयोग नकोत. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात जाऊन तो तापतो. तशा गाडीने कुंभार्ली घाट चढायचाच नाही. प्लग तेलाने माखलेला निघाला, गाडी डिझेलची असली किंवा उंदराने वायरिंग कुरतडलेलं दिसलं, तर गॅरेज. वॉरंटी चालू असेल तर दिवस मोडला तरी सर्व्हिस सेंटरच बरं.

सीटच्या हेडरेस्टचं काम याच्या उलट. दिसायला पोरखेळ, पण खाऱ्या हवेत त्याच्या दांड्या गंजून धरतात आणि हेडरेस्ट खालीच अडकून राहतो. मागून धडक बसली तर मान त्यानेच सांभाळायची असते. त्याचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवा. त्यासाठी गॅरेजला जायची गरज नाही. दांडीच्या मुळाशी गंजावरचा स्प्रे मारा, तासभर मुरू द्या, मग बटण दाबून हेडरेस्ट डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. नुसता ओढलात तर आतली प्लास्टिकची खुंटी तुटते. बाहेर आल्यावर दांड्या बारीक पॉलिश पेपरने घासून पुसा. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर खालच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावू नका.

एसीचा फिल्टर, बॅटरीच्या टर्मिनलवरची पूड ही कामं घरचीच. टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

ब्रेकच्या बाबतीत मी तुलनाच करत नाही. समुद्राकाठी रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो. तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. पण पेडल खोल जायला लागलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.